मोदक आणि गलतीकरांस पत्र

खालापूर तालुक्यातलं महड हे माझं माहेर. वरदविनायकाच्या गाभाऱ्यातला नंदादीप १८९२ पासून अखंड तेवतो असं सांगतात. आमच्या घरची संकष्टीही तशीच अखंड. पावसाळ्यात आभाळ भरलेलं असलं की आई पंचांगातली वेळ बघून उपास सोडायची. घास तोंडात जायचा, पण रुखरुख सुटायची नाही. चंद्र दिसलाच नाही, उपास पोचला असेल का? ती रुखरुख माझ्याही अंगात मुरली होती.

लग्नानंतर कर्जतला आले. तिथे रविवारी प्रार्थनेला जमणाऱ्या एका घरात ख्रिस्ताची ओळख झाली. माझं देणं त्याने वधस्तंभावर चुकतं केलं, आता पोचलं की नाही हा प्रश्नच उरला नाही, हे कळलं त्या रात्री मी रडले. मूर्तिपूजा सोडली. आईला ते फार लागलं. तिच्या दुःखावर माझ्यापाशी उत्तर नव्हतं, आजही नाही.

बाप्तिस्म्यानंतर मंडळीतल्या एका ज्येष्ठ विश्वासू भावांनी नियम सांगितले. टिकली नको, मंगळसूत्र नको, गणपतीत माहेरी पाऊल टाकायचं नाही. रोज इतके अध्याय, आठवड्याला एक उपास. चुकलं तर तारण धोक्यात. ऐकता ऐकता आईची रुखरुख पुन्हा उठली.

त्याच दिवसांत बायबलमधलं प्रेषित पौलाचं गलतीकरांस पत्र वाचलं. गलतिया आजच्या तुर्कस्तानात. तिथले लोक मूर्ती सोडून ख्रिस्ताकडे आलेले. मागाहून काही जण आले आणि म्हणाले, विश्वास ठीक, पण सुंता हवीच. पौल खवळला. अंत्युखियात तर येशूचा खुद्द शिष्य पेत्र यहुदी नसलेल्यांच्या पंगतीतून उठून वेगळा बसू लागला होता. पौलाने त्याला सगळ्यांदेखत सुनावलं. आणि चौथ्या अध्यायात मी थबकलेच. जे देव नव्हेत त्यांची सेवा सोडून आलात, आता दिवस, महिने, सण पाळून पुन्हा दास होता का, असं तो विचारतो. मूर्तीची भीती आणि नियमाची भीती, दोन्ही त्याच्या लेखी एकाच बेडीच्या कड्या.

मी त्या भावांना पंडिता रमाबाईंचं सांगितलं. त्यांचा बाप्तिस्मा इंग्लंडमध्ये वाँटेजला १८८३ साली झाला. पण धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र पुढे काही वर्षांनी भेटला, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. आणि १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी तर अभंग, कीर्तन सगळं ख्रिस्तापायी वाहिलं. भावांना पटलं नाही. मी मंगळसूत्र काढलं नाही.

प्रसादाचं काय, हे मी पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पत्रावरून ठरवलं. मूर्ती काहीच नाही, अन्नाने आपण देवाच्या जवळही जात नाही आणि दूरही, असं पौल सांगतो. पण समोरच्याच्या मनाला जप म्हणतो. मी प्रसाद घेतला तर मी अजून पूजा मानते असं माहेरी दादाला वाटेल, म्हणून घेत नाही. गणपतीत माहेरी मात्र जाते.

पहिल्या वर्षी वहिनी मोदक वळता वळता म्हणाली, "वन्सं, तुम्हाला नैवेद्याचे चालत नाहीत ना? मग नैवेद्य दाखवायच्या आधीच पाच काढून ठेवते." तिने वाटीत मोदक ठेवून वर तूप सोडलं. आरती सुरू झाली तेव्हा आई बाहेर ओटीवर माझ्याशेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "खा, गरम आहेत तोवर."