अटक

मराठीत 'हॉटेलात जाणे' आणि 'हॉटेलात उतरणे' या दोन अगदी निराळ्या क्रिया आहेत. पहिलीत मिसळ असते, दुसरीत रजिस्टर असते. आमच्या लहानपणी तर उतरण्याच्या जागेला हॉटेल म्हणतच नसत. तिला लॉज म्हणत, आणि 'लॉजवर उतरलो' हे वाक्य घरात जरा खालच्या आवाजात उच्चारले जाई. परगावी नातेवाईक असताना लॉजवर उतरणे हा त्या नातेवाइकाचा अपमान, आणि नातेवाईक नसताना परगावी जाण्याचे कारणच काय, अशी तेव्हाची विचारसरणी. त्यामुळे आम्हा दोघांना, म्हणजे आम्हा नवराबायकोला, हॉटेलात उतरण्याची सवय पुष्कळ उशिरा, चर्चासत्रांच्या कृपेने लागली. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. खोलीचा दिवा वाचनाला पुरत नाही, ही आमची बहुतेक हॉटेलांविषयीची पहिली आणि शेवटची तक्रार असते.

फेब्रुवारी २०१९ मध्ये आम्ही बडोद्याला चार दिवस राहिलो, त्याची ही हकीकत. हॉटेलाचे नाव देत नाही. आमच्याबरोबर जो तिसरा होता त्याचेही देत नाही. 'लिहा, पण नाव नको,' असे तो म्हणाला. त्या म्हणण्यातला उपरोध आमच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला.

जाण्याचे निमित्त पुस्तकांचे होते. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात श्रीसयाजी साहित्यमालेतली मराठी पुस्तके एकत्र पाहायला मिळतील, अशी आमची अपेक्षा होती. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानात ग्रंथालयांचे जे जाळे उभे केले, त्याचे हे केंद्र. पुस्तकांच्या मजल्यांना काचेची जमीन आहे. वरच्या मजल्यावर कोणी चालू लागले की खाली वाचणाऱ्याच्या डोक्यावरून एक सावली सरकत जाते. पहिल्या दिवशी आम्ही पुस्तकांपेक्षा त्या सावल्याच अधिक पाहिल्या. सेव-उसळही खाल्ली, तिखट होती आणि उत्तम होती. पण आम्हांला सांगायचे आहे ते हॉटेलाविषयी.

आमच्याबरोबर होता तो आमचा जुना विद्यार्थी, आता आमच्याच विभागातला सहकारी. त्याच्या कामाची शिस्त आम्हांला ठाऊक आहे. संदर्भ तपासण्यात तो आम्हा दोघांनाही भारी पडतो. त्याच्यात एकच दोष, असे आम्ही इतकी वर्षे मानत आलो होतो: प्रवासाची व्यवस्था म्हटली की तो अंग काढून घेतो. 'सर, बुकिंग तुमच्याच नावावर करा.' 'बाई, फोन तुम्हीच करा ना.' आम्ही त्याला तोंडावर आळशी म्हणत असू आणि तो हसत असे. या वेळीही आम्हीच फोन करून सयाजीगंजात स्टेशनाजवळ एक जोडखोली आणि एक एकट्याची खोली सांगून ठेवली होती.

गाडी पहाटे पोहोचली. काउंटरवर झोपेतून नुकताच उठलेला एक मुलगा होता आणि त्याच्यामागे खुर्चीत, मफलर गुंडाळलेले, साठीच्या पुढचे व्यवस्थापक. मुलाने रजिस्टर पुढे सरकवले. आम्ही लिहिले. व्यवस्थापकांनी मान लांब करून आमचे नाव वाचले आणि एकदम मराठीत म्हणाले, "पुण्याचे का? अहो, मग आधी नाही का बोलायचं! आमचं आजोळ पुण्याचंच." बडोद्याची मराठी आम्हांला नवी नव्हती. २०१८ चे साहित्य संमेलन याच शहरात झाले, तेव्हाही ती कानावर पडली होती: थोडी जुनी, थोडी गुजरातीकडे झुकलेली, ऐकायला फार गोड. परगावी पहाटे पाच वाजता कोणी आपल्या भाषेत आजोळ सांगू लागले की मनुष्य विरघळतो, आम्हीही विरघळलो. दुपारी बाराच्या आधी खोली घेतली तर अर्ध्या दिवसाचे भाडे पडते, अशी पाटी भिंतीवर होती. तिच्याकडे हात करून ते म्हणाले, "ते तुम्हांला नाही. तुम्ही घरची माणसं."

मग तिसऱ्याने लिहिले. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव. पेन खाली ठेवले.

मुलाने वाचले आणि विचारले, "अटक?"

गुजरातीत आडनावाला अटक म्हणतात. आम्हांला ते ठाऊक होते, पण पहाटेच्या वेळी, रजिस्टरसमोर, तो शब्द मराठी कानावर असा काही आदळला की आम्ही दोघेही मोठ्याने हसलो. राघोबादादांच्या फौजा १७५८ मध्ये जिथवर गेल्या ते अटक आठवले, पोलिसांची अटक आठवली, आणि आम्ही त्यावर कोटीही केली. कोटी इथे देत नाही, कारण ती बरी नव्हती. आमचा सहकारी हसला नाही. त्याने पेन उचलले आणि आडनाव लिहिले. व्यवस्थापकांनी पुन्हा मान लांब केली.

यापुढे जे घडले त्याविषयी आम्हा दोघांत आजही एकमत नाही. भिंतीवर किल्ल्यांच्या खुंट्यांचा फळा होता. आमच्यापैकी एकीच्या म्हणण्याप्रमाणे, मुलाचा हात दुसऱ्या मजल्याच्या ओळीतल्या एका किल्लीपर्यंत गेला होता. व्यवस्थापक गुजरातीत हळूच काही बोलले. हात मागे आला आणि अगदी वरच्या ओळीकडे गेला. आमच्यापैकी एकाने यातले काही पाहिले नाही, तो त्या वेळी सामान मोजत होता. आणि जिने पाहिले, तिने ते दोन दिवस कोणालाही सांगितले नाही. का सांगितले नाही, हे तिला अजून नीट सांगता येत नाही. आपल्याला भास झाला असेल असे वाटले, एवढेच ती म्हणते.

आम्हांला मिळालेली खोली दुसऱ्या मजल्यावर होती. गच्चीवजा सज्जा, पांढऱ्याशुभ्र चादरी, पहाटेपासून गरम पाणी. न सांगता आल्याचा चहा वर आला. दिवा मात्र नेहमीप्रमाणे वाचनाला अपुरा. तसे बोलून दाखवताच संध्याकाळी टेबलावर एक निराळा दिवा येऊन बसला. इतकी वर्षे केलेली तक्रार पहिल्यांदाच कोणी ऐकली होती. सहकाऱ्याची खोली पाचव्या मजल्यावर, म्हणजे खरे तर गच्चीवर. लिफ्ट चौथ्यापर्यंतच होती. आम्ही त्याच्या खोलीत पहिल्या दोन दिवसांत एकदाही गेलो नाही. जिना चढायचा कंटाळा, गुडघे, लग्नसराईचे दिवस असल्याने रात्री अकरापर्यंत रस्त्यावर वाजणारा बँड. कारणे पुष्कळ होती. सकाळी तो खाली येई तेव्हा आम्ही विचारत असू, "काय, झोप लागली ना?" तो म्हणे, "लागली."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही ग्रंथालयातून लवकर परतलो, तेव्हा काउंटरवर एक एकटाच प्रवासी नाव लिहीत होता. त्याला दुसऱ्या मजल्यावरची खोली मिळाली. आम्ही लिफ्टमध्ये शिरता शिरता सहज विचारले, तर व्यवस्थापक म्हणाले, "ते कंपनीचं बुकिंग." असेल. कंपनीची बुकिंगे असतात. त्या रात्री सौभाग्यवतींनी किल्लीची गोष्ट सांगितली आणि आमचा वाद झाला. एका पक्षाचे म्हणणे, काउंटरवरच्या पोराला मराठी आडनावातली जात कशी कळणार? दुसऱ्याचे म्हणणे, पोराला कळण्याची गरजच काय, आजोळ पुण्याचे कोणाचे होते? त्यावर पहिला पक्ष गप्प बसला, पण पटले म्हणून नव्हे.

तिसऱ्या रात्री आम्ही वर गेलो. जिना संपला तिथे पाण्याच्या टाकीशेजारी एक लांबट व्हरांडा होता. त्यात मोडक्या खुर्च्या एकावर एक रचलेल्या, मांडवाची गुंडाळलेली जाजमे, फाटलेल्या गाद्या, एक जुना फ्रिज. या सगळ्यातून वाट काढीत त्याच्या दारापर्यंत जावे लागे. व्हरांड्यातला दिवा गेलेला होता. खोली तशी स्वच्छ होती. तो पलंगावर वाचत बसला होता, मोबाइलच्या उजेडात. आमच्या चेहऱ्यांकडे पाहून म्हणाला, "बसा ना सर. वटवाघळं नाहीत इथे, एवढा फरक आहे."

आम्हांला तत्काळ कळले नाही. आणि आम्ही साहित्याचे अध्यापक आहोत. आंबेडकरांच्या इंग्रजी लेखनाचा बारावा खंड महाराष्ट्र शासनाने १९९३ मध्ये काढला, त्यात 'वेटिंग फॉर अ व्हिसा' आहे. तो आमच्या कपाटात आहे. त्यातले बडोद्याचे प्रकरण आम्ही वर्गात उल्लेखिलेही आहे. ज्या संस्थानाने १९१३ मध्ये शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला पाठवले, त्याच्याच चाकरीत १९१७ मध्ये परतलेला हा विद्वान तरुण स्टेशनावर उभा आहे आणि जायचे कोठे हा त्याच्यापुढे प्रश्न आहे. हिंदूंच्या विशींत प्रवेश नाही हे त्याला ठाऊक आहे. तो पारशांच्या पथिकाश्रमात जातो. तो फक्त पारशांसाठी आहे. म्हणून रखवालदाराशी ठरवून रजिस्टरात पारशी नाव लिहितो. वरच्या मजल्यावर एक लहानशी खोली. बाहेरच्या दिवाणखान्यात मोडके बाक आणि खुर्च्या. अंधार, कंदिलाचा वीतभर उजेड, वटवाघळांचा आवाज. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक जिना चढून येतात.

वर्गात आम्ही या प्रकरणाविषयी काय बोलत आलो? निवेदनातला संयम. तपशिलांची काटकसर. विशेषण टाळल्याने येणारे बळ. हे सगळे बरोबरच आहे. मात्र त्या रजिस्टरात काय लिहायचे असते, हा प्रश्न आम्ही कधी विचारला नव्हता, कारण आम्हांला तो कधी पडलेला नव्हता.

"हे आणि ते सारखं नाही, हं," तोच म्हणाला. "मला कोणी काठ्या घेऊन हाकललं नाही. पैसे देऊन राहतोय. कदाचित खाली खरंच खोली नसेल." मग थोड्या वेळाने, "सर, तुम्ही मला आळशी म्हणता ना? बुकिंग तुमच्या नावावर असलं की बरं पडतं. पुण्यात खोली शोधत होतो तेव्हापासूनची सवय. फोनवर सगळं ठरायचं. नाव सांगितलं की 'घरात विचारून सांगतो' म्हणायचे. मला फक्त तेवढा एक फोन करायचा नसतो."

आम्ही म्हणालो, खोल्या बदलू या, आम्ही वर येतो. त्याने नको म्हटले. "बाईंचे गुडघे," म्हणाला. आम्ही फारसा आग्रह केला नाही, हेही लिहून ठेवले पाहिजे.

चौथ्या दिवशी हिशेब झाला. आमच्या बिलात पहाटे येण्याचे अर्ध्या दिवसाचे भाडे नव्हते. त्याच्या बिलात होते. आम्ही तिघे एकाच गाडीने, एकाच रिक्षाने येऊन त्या काउंटरसमोर उभे राहिलो होतो. आम्ही दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. व्यवस्थापक जराही गडबडले नाहीत. "अरे, कंप्युटरनं लावलं वाटतं," म्हणाले, आणि पेनाने ती ओळ खोडून खाली सही केली. त्यांचा चेहरा पहिल्या पहाटेइतकाच प्रेमळ होता. त्यांना आम्ही काय विचारायला हवे होते, त्याचे मसुदे आमच्याजवळ नंतर पुष्कळ तयार झाले. त्या क्षणी आमच्या तोंडून निघाले ते "थँक्यू". त्यांनी आम्हा दोघांना वाटेत खायला म्हणून भाकरवडीचा पुडा दिला. आम्ही तो घेतला.

गाडी रात्रीची होती. दिवस काढायला आम्ही कमाटी बागेत गेलो. पारशी पथिकाश्रमातून बाहेर पडल्यावर आंबेडकरही गाडीच्या वेळेपर्यंत याच बागेत बसले होते. ती जागा आता संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते आणि दर वर्षी २३ सप्टेंबरला तिथे लोक जमतात. त्या दिवशी फारसे कोणी नव्हते. शाळेची एक सहल येऊन गेली. सहकाऱ्याने आम्हांला ग्रंथालयात टिपलेल्या नोंदी वाचून दाखवल्या, त्यातल्या दोन आमच्या नोंदींपेक्षा अचूक होत्या. भाकरवडीचा पुडा बाकावर मधोमध होता. तो शेवटी त्यानेच फोडला आणि आमच्यापुढे धरला.

एक गोष्ट सांगायची राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे टेबलावर तो दिवा आल्यानंतर आणि किल्लीची गोष्ट कळण्यापूर्वी, व्यवस्थापकांनी अभिप्रायाची वही आमच्यापुढे ठेवली होती. 'साहित्यिक माणसं आहात, काहीतरी छान लिहा.' आम्ही चांगली पाऊण पान लिहिले. घरच्यासारखी वागणूक, असे शब्द त्यात आहेत. खाली आमच्या दोघांच्या पूर्ण सह्या आहेत, आडनावासकट.

परत निघताना ती वही काउंटरवरच होती. आम्हांला ते पान फाडता आले असते, निदान त्याखाली दोन ओळी वाढवता आल्या असत्या. रिक्षा दाराशी उभी होती.