आर्तेकची वाट : लेखांक दुसरा

पहिला दिवस

१९८०च्या दशकात मॉस्कोच्या कुर्स्क स्टेशनावरून क्रिमियाकडे जाणाऱ्या गाड्यांत उन्हाळाभर लाल रुमालवाल्या मुलांचे घोळके दिसत. काळ्या समुद्राकाठच्या आर्तेक छावणीची ‘पुत्योवका’, म्हणजे प्रवेशचिठ्ठी, ही बक्षिसी होती. अभ्यासात आणि पायोनियर या सोव्हिएत बालसंघटनेच्या कामात पुढे असलेल्यांना ती मिळे. वशिल्याची कुजबुजही असेच. बाकीच्यांच्या वाट्याला आईवडिलांच्या कारखान्याच्या कामगार संघटनेची साधी छावणी येई.

स्वस्त डब्यात ५४ बर्थ, मध्ये दार नाही. वर्तमानपत्रात गुंडाळलेली उकडलेली कोंबडी, अंडी आणि काकड्या तूला शहर येण्याआधीच बाहेर निघत. डबा सांभाळणारी बाई धातूच्या दांडीदार कोंदणात बसवलेल्या काचेच्या पेल्यांतून चहा आणून देई.

दुसरा दिवस

खारकोव्ह मागे पडलं की फलाटांवर बादलीभर चेरी घेऊन बायका उभ्या. मग सिवाशची खारी दलदल, आणि सिम्फेरोपोल. तिथून पुढे बस.

पोचल्यावर डॉक्टरची तपासणी, केसांत उवा आहेत का ते पाहणं, आंघोळ. घरचे कपडे बॅगेसकट भांडारात जमा करायचे आणि छावणीचा गणवेश चढवायचा. काळ्या बाजारात महिन्याच्या पगाराएवढ्या किमतीला मिळणारी परदेशी जीन्सही त्यातच बंद होई. समतेचा हा धडा भाषणांपेक्षा परिणामकारक असावा.

तिसरा दिवस

१६ जून १९२५ रोजी तंबूंत सुरू झालेल्या आर्तेकमध्ये आता समुद्राकाठी इमारतींच्या रांगा होत्या. बिगूल, कवायत, अंथरुणाच्या घड्या, झेंड्यापुढची रांग. पोहणंसुद्धा शिट्टीवर : तुकडीनं पाण्यात शिरायचं, शिट्टी झाली की बाहेर. दुपारच्या सक्तीच्या झोपेला इथे ‘अब्सोल्यूत’ म्हणत. तेरा-चौदा वर्षांच्यांना तीच सर्वांत मोठी शिक्षा वाटे. जुलै १९८३मध्ये सोव्हिएत नेते आंद्रोपोव्ह यांच्या निमंत्रणावरून आलेली सामंथा स्मिथ ही अमेरिकन मुलगी याच छावणीत राहून गेली.

पायोनियरांचा लाल रुमाल चौदाव्या वर्षी कोम्सोमोल या युवक संघटनेत गेल्यावर सुटे. एरवी मोठी मुलं शाळेच्या फाटकाबाहेर पडताच तो खिशात कोंबत. इथे ती सोय नव्हती.

दहावा दिवस

आयु-दाग डोंगराची चढाई, उंची ५७७ मीटर. घरी पत्रं.

शेवटची रात्र

शेकोटी, गाणी, रडारड. शेकोटीनंतरचा कार्यक्रम कुठल्याही वेळापत्रकात नसे, पण देशभरातल्या छावण्यांत ठरलेला असे : झोपलेल्यांची तोंडं टूथपेस्टनं रंगवणं. गार पेस्टनं माणूस जागा होतो, म्हणून जाणकार मुलं ट्यूब आधी उशीखाली दाबून कोमट करून ठेवत. मार्गदर्शक, म्हणजे ‘वोझाती’, मोठ्या मुलांचं हे बहुधा दिसूनही न पाहिल्यासारखं करत.

परतीचा दिवस

भांडारातून बॅगा परत. ताश्कंद, रीगा, मिन्स्क असे पत्ते मुलं एकमेकांच्या लाल रुमालांवर बॉलपेननं लिहीत. शाईनं भरलेला तो रुमाल शाळेत चालत नसे; १ सप्टेंबरला शाळा उघडण्याआधी नवा घ्यावा लागे.