खाटेचे पैसे, चहा फुकट

जमीन असणाऱ्या माणसाला हल्ली दोनच सल्ले मिळतात. विकून टाका, नाहीतर रिसॉर्ट काढा! आमच्या खानापूर तालुक्यात हे सल्ले देणारे थेट दारापर्यंत येतात. जांबोटीवरून कणकुंबी आणि पुढे चोर्ला घाटातून गोव्याला जाणारा आमचा रस्ता. कणकुंबीला मलप्रभेचा उगम, शेजारी भीमगडचे अभयारण्य. २०२० साली कर्नाटकात कायदा बदलला. शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येऊ लागली आणि एजंटांच्या गाड्या आमच्या बांधाला लागू लागल्या.

आमची जमीन पाच एकर. त्यातली तीन भाताची. उरलेला जांभ्या दगडाचा माळ, त्यावर थोडे काजू. धाकटे दीर पुण्याला असतात. त्यांच्या डोक्यावर फ्लॅटचे कर्ज. ते म्हणाले, ''वहिनी, माळ पडीकच आहे. विकूया.'' त्यांचे चुकीचे नव्हते, माळात त्यांचाही वाटा आहे. पण विकलेली जमीन पुन्हा हाती लागत नाही, हेही खरेच. शेवटी असे ठरले की तीन वर्षे बघायचे. माळातून दरवर्षी भावोजींच्या हाती काही पडले तर ठेवायचा, नाहीतर विकायचा.

म्हणून आम्ही मुक्कामाची जागा काढली. रिसॉर्ट नव्हे. जांभ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौले, आठ खाटांची एक मोठी खोली आणि बायकांसाठी चार खाटांची वेगळी. खोलीचे नव्हे, खाटेचे पैसे. रस्त्याने एकटा जाणाऱ्यालाही परवडावे, हा हेतू.

बांधण्यापेक्षा कागद जड गेले. माळाचा तेवढा तुकडा बिगरशेती करून घ्यायचा, पंचायतीचा परवाना काढायचा, आणि अर्ज सगळे कानडीत. आमची मुलगी शाळेत कानडी शिकली, ती वाचून सांगायची. आम्ही मराठीत विचार करायचा, तिने कानडीत लिहायचा. सीमेवरच्या घरांना हे काही नवे नाही. आता येणाऱ्या प्रत्येकाचे नाव-गाव आणि ओळखपत्र वहीत घेतो. परदेशी पाहुणा असला तर चोवीस तासांच्या आत सरकारला कळवावे लागते.

खरा प्रश्न सासूबाईंचा होता. ''दारी आलेल्याला जेवू घालायचे आणि पैसे मागायचे? आपण काय खानावळवाले?'' त्यांच्या लहानपणी घाटातून येणारे गाडीवान ओसरीवर झोपत, भाकरी खाऊन पहाटे निघत. कुणी हिशेब विचारला नाही. मी त्यांना म्हटले, ''आई, तेव्हा ओसरी होती कारण जमीन होती. आता जमीन राहावी म्हणून ही ओसरी.'' त्या बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी नियम घालून दिला. येणाऱ्याला पहिला चहा फुकट. त्याचे पैसे वहीत चढवायचे नाहीत. तो नियम आजही चालू आहे.

पावसाळ्यात धबधबे बघायला लोक येतात. दोन-दोन दिवस वीज नसते, पायाला जळवा लागतात, ओले कपडे चुलीवरच्या दोरीला वाळतात. दिवाळीनंतर गोव्याला जाणारे मोटारसायकलवाले, सायकलवाले, पाखरे बघणारे विद्यार्थी. एप्रिल-मे रिकामे जातात. जेवायला उकड्या तांदळाचा भात, कुळथाचे सार, नाचणीची भाकरी, हंगामात ओल्या काजूची उसळ. भाकऱ्यांना गावातल्या दोघी येतात, त्यांची मजुरी रोजच्या रोज देते.

दारू चालत नाही, हे पाटीवर लिहिले आहे. एकदा सहा जण बाटल्या घेऊन आले. दुप्पट पैसे देतो म्हणाले. आतल्या खोलीत दोन मुली उतरल्या होत्या. यजमानांनी त्यांना परत पाठवले. त्या रात्रीची कमाई बुडाली. पण त्या मुलींपैकी एक पुढच्या वर्षी आपल्या आईवडिलांना घेऊन आली.

तीन वर्षे भावोजींना दरवर्षी त्यांचा वाटा पोचला. कर्ज फिटण्याइतका नव्हे, एखाद-दोन हप्त्यांपुरता. गेल्या गणपतीला ते आले, हिशेबाची वही पाहिली आणि म्हणाले, ''आणखी थोडी वर्षे चालवा.'' माळ आता कधीच विकला जाणार नाही, असे मी म्हणत नाही. मुलगी बेळगावला शिकते. ती परत येईल की नाही, ते तिने ठरवायचे.

कुणाला असे काही करायचे असेल तर दोन गोष्टी सांगते. खोल्यांआधी न्हाणीघरे आणि पाणी मोजा, कारण माणूस खाट विसरतो, घाणेरडी मोरी विसरत नाही. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारल्याशिवाय दर ठरवू नका. काय विकायचे हे आपल्याला कळते, काय विकायचे नाही ते त्यांना.