गळकी पिकअप आणि आंबा घाट

रत्नागिरीहून कोल्हापूर साधारण १३० किलोमीटर. हौद्यात हापूसच्या पेट्या असल्या आणि गाडी २००९ची डिझेल पिकअप असली, की किती वेळ लागेल ते आंबा घाट ठरवतो. आमच्या गाडीचं अडीच लिटरचं डीआय इंजिन वाटेत बंद पडलंय असं सहसा होत नाही. ते गळतं मात्र सगळीकडून. अंगणात ती उभी राहते तिथला जांभा चिरा काळा पडलाय आणि त्यावरून घरात वर्षभर बोलणी खावी लागतात.

निघायच्या आदल्या रात्री चुलतभावाने गाडीखाली जुन्या खोक्यांचे पुठ्ठे पसरून ठेवले होते. सकाळी त्यावर सगळा हिशेब उमटलेला. इंजिनाखाली काळे ठिपके म्हणजे इंजिन ऑइल. पुढे रेडिएटरजवळ हिरवट, गोडसर वासाचा ओला डाग, तो कूलंटचा. एका बाजूला पातळ, पटकन पसरलेला आणि बोटाला डिझेलचा वास देणारा डाग. पॉवर स्टिअरिंगचं ऑइल लालसर असतं. त्याचा थेंब कुठे दिसला नाही, तेवढंच समाधान. "दादा, एवढं गळतंय म्हणजे आत भरपूर आहे," असं म्हणून भावाने पेट्या चढवायला घेतल्या.

ऊन उतरल्यावर निघालो. हातखंब्याला मुंबई-गोवा महामार्गाला लागलो. पाली, नाणीज मागे पडलं. चौपदरीकरणाच्या कामाने या रस्त्यावर धूळ अमाप होती. रहदारीच्या दृष्टीने ती त्रासाची, पण गळती शोधणाऱ्याला उपयोगी. साखरप्याला चहासाठी थांबलो तेव्हा बॅटरी घेऊन बॉनेट उघडलं. कोरड्या लोखंडावर धुळीचा भुरा पांढरट थर होता आणि जिथे ओल होती तिथे तीच धूळ काळी झाली होती. इंजेक्टरवरच्या रिटर्न पाइपची रबरी नळी टोकाला फुगून मऊ झाली होती आणि डिझेल तिथूनच पाझरत होतं. पाइपात हवा शिरली की सकाळी गाडी लवकर सुरू होत नाही, हँडपंप मारत बसावं लागतं. तो त्रास कुठून यायचा ते कळलं. नळीचं खराब टोक कापून उरलेली परत चढवली. रेडिएटरच्या होजची क्लिप पिळली. झाकणाला हात लावला नाही. कूलंट दाबाखाली असतं, गरम गाडीचं झाकण उघडलं की ते उकळत तोंडावर येतं.

साखरपा सोडल्यावर घाट लागतो. दुसरा गिअर, मधूनच पहिला, खिडकीतून रानाचा ओला वास, मागून पेट्यांचा. मला आंबा घाट फार आवडतो, पण भरल्या गाडीत घाट बघायला मिळत नाही. डोळे तापमानाच्या काट्यावर आणि कान टर्बोच्या शिट्टीवर. काटा अर्ध्याच्या थोडा वर जाऊन थांबला. माथ्यावर आंबा गावात, विशाळगडाच्या फाट्याजवळ गाडी बाजूला घेतली. गार वारा सुटला होता. पण त्या वाऱ्यात गंधकासारखा उग्र वास होता, तो रानाचा नव्हता. नव्वद नंबरचं गिअर ऑइल तापलं की असंच नाकात बसतं.

मागचं डावं चाक आतल्या बाजूने ओलं होतं. इथे घाई करायची नसते, कारण चाकाच्या आत दोन गोष्टी गळू शकतात. ब्रेक ऑइल असेल तर गाडी तिथेच उभी करायची, आंबे नासले तरी चालतील. बॉनेटखालच्या डबीत ब्रेक ऑइल रेषेवर होतं, पेडल घट्ट लागत होतं, बोटाला लागलेलं तेलही जाड आणि तपकिरी होतं. म्हणजे हे मागच्या अ‍ॅक्सलच्या हाउसिंगचं ऑइल, सीलमधून येणारं. थोडं चालवून ब्रेक दाबून पाहिला, गाडी ओढत नव्हती. मलकापूर, बांबवडे, वाघबीळ हा रस्ता चाळिसाच्या वर न जाता काढला. केर्लीपाशी जोतिबाच्या वाटेने उतरणाऱ्या गाड्यांची रांग होती. शाहू मार्केट यार्डात सौद्याआधी पोचलो, पेट्या उतरवल्या आणि उजाडल्यावर शिवाजी उद्यमनगर गाठलं.

कोल्हापूर म्हटलं की लोक तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचं नाव काढतात. माझ्या मते गावाची खरी ओळख उद्यमनगरात आहे. लेथ, बोअरिंग, ओतकाम, हेड फेसिंग, सगळं हाकेच्या अंतरावर. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं आणि लगेच बंद केलं. "पावणं, आधी गाडी धुऊन आणा. ह्या चिकट्यात देवाला बी काय दिसायचं न्हाई."

धुऊन आणली. मग त्यांनी इंजिन चालू ठेवून पान खाल्लं आणि नुसतं बघत उभे राहिले. तेल खाली ओघळतं आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे जातं. म्हणून इंजिनाच्या तळाच्या ऑइल चेंबरवरून थेंब पडतो तेव्हा चेंबर दोषी असतोच असं नाही. सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधायची. आमची होती टॅपेट कव्हरच्या कडेला आणि पुढच्या क्रँक पुलीच्या मागे. यापूर्वी एका गॅरेजवाल्याने चेंबरच्या कडेने सिलिकॉनचा जाड थर फासून ठेवला होता. तो बघून मिस्त्री चिडले. बाहेर जेवढं दिसतं तेवढंच आतही दाबलं जातं, त्याचे तुकडे सुटून ऑइलच्या जाळीत अडकतात आणि मग इंजिनाला तेलच पोचत नाही.

सील मात्र त्यांनी इतक्यात हातात घेतलं नाही. चालत्या इंजिनाचं ऑइल भरायचं झाकण सैल करून नुसतं भोकावर ठेवलं. झाकण थडथड नाचायला लागलं. "इंजिनाचा श्वास कोंडलाय." पिस्टनच्या बाजूने थोडा वायू प्रत्येक डिझेल इंजिनात खाली उतरतो, तो ब्रीदरच्या नळीतून बाहेर पडला नाही, तर आत दाब वाढतो आणि जिथे सील जुनं तिथून तेल ढकलतो. आमची नळी काळ्या गाळाने जवळजवळ बुजली होती. डिझेलमध्ये धुऊन, हवा मारून बसवली. झाकण पुन्हा ठेवलं तर नुसतं थरथरलं. तरीही उडालं असतं, तर रिंगा गेल्या असं समजून इंजिन खोलावं लागलं असतं.

मागच्या चाकाचाही आजार तोच निघाला. हाउसिंगच्या वर एक छोटा ब्रीदर असतो, तो चिखलाने बंद होता. घाटात तेल तापलं, आतली हवा फुगली आणि सीलमधून तेल घेऊन बाहेर आली. ब्रेक शू अर्धे भिजले होते. भाऊ म्हणाला, पेट्रोलने धुऊन घेऊ. मिस्त्रींनी साफ नकार दिला. शूमध्ये मुरलेलं तेल ब्रेक तापला की पुन्हा वर येतं. नवे शू, तेही दोन्ही चाकांना.

पुलीचं जुनं सील काढल्यावर त्यांनी माझं नख पुलीच्या गळ्यावर फिरवलं. तिथे बारीक खाच होती, जुन्या सीलच्या ओठाने घासून पाडलेली. नवं सील त्याच जागी बसवलं तर पहिल्या दिवसापासून गळणार. त्यांनी ते किंचित अलीकडे ठेवलं, म्हणजे ओठ कोऱ्या लोखंडावर बसेल. टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदलून बोल्ट बेताने आवळले. जास्त पिळलं की पॅकिंग फाटतं. रिटर्न पाइप नवे टाकले.

क्रँकचं मागचं सील अजून पाझरतं. ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि हंगामात गाडी उभी ठेवणं परवडत नाही. जूनमध्ये क्लच प्लेटबरोबर ते करायचं ठरलंय. तोवर डिपस्टिक रोज बघायची. इंजिन ऑइलचा थेंब असा पुढे ढकलता येतो, चाकाच्या आतला नाही. जुनी पिकअप घेऊन घाट उतरणार असाल, तर माथ्यावर दोन मिनिटं थांबून चारही चाकांच्या आतल्या बाजूला बॅटरी मारा. ओल दिसली, तर ब्रेक ऑइलची डबी उघडून बघितल्याशिवाय गाडी उतारावर घालू नका.