कायमचे कुरळे

मनुष्यानें ज्या ज्या वस्तूस 'कायमची' म्हटलें, ती बहुधा अल्पायुषीच ठरली आहे. कायमचे तह दहा वर्षें टिकत नाहींत, कायमच्या नोकऱ्या पेन्शनपाशीं संपतात. आणि 'पर्मनंट वेव्ह' या भारदस्त नांवानें जे कुरळे केस जन्मास येतात, त्यांचा कायमपणा नवे केस उगवूं लागतांच खालीं खालीं सरकूं लागतो. हें ठाऊक असूनही तो पत्करावा कीं नाहीं, या प्रश्नावर दीड वर्षापूर्वीं आमच्या घरांत तीन आठवडे खल चालला होता. आमच्या कन्येचे केस काळेभोर, सरळ आणि कंबरेपर्यंत पोंचणारे. ते कुरळे करून घ्यावे असें तिच्या मनांत आलें. तिच्या आईनें तत्काळ विरोध नोंदविला, आजीनें मौन धरिलें, आणि आम्ही, जन्म अध्यापनांत गेलेल्या मनुष्याच्या संवयीस अनुसरून, पुस्तकें काढून बसलों.

या विद्येचा आद्य आचार्य म्हणजे कार्ल नेस्लर नांवाचा जर्मन केशकार. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत त्यानें लंडन येथें आपला शोध लोकांपुढें मांडिला. केसांच्या बटा जड पितळी कांड्यांभोंवतीं गुंडाळावयाच्या, त्यांस क्षाराचें पाणी लावावयाचें आणि त्या कांड्या तापवावयाच्या, असें तें तासन्तास चालणारें अग्निदिव्य होतें. आरंभींच्या प्रयोगांसाठीं त्यानें स्वतःच्या पत्नीचें मस्तक घेतलें. पहिल्या दोन खेपांस केस जळाले, टाळूही भाजली. तरी ती बाई पुन्हां बसली. शोधाच्या इतिहासांत नेस्लरचें नांव राहिलें; तिचें फारसें कोणी घेत नाहीं. पुढें १९२० नंतर आखूड केसांची टूम निघाली, तेव्हां गुंडाळण्याची दिशाही उलटली. मुळाकडून टोंकाकडे जाणारी बट टोंकाकडून मुळाकडे जाऊं लागली.

आज अग्नीचें काम रसायनें करितात. केस म्हणजे केराटिन नांवाचें प्रथिन. त्याच्या लांबच लांब साखळ्या गंधकाच्या बंधांनीं एकमेकींस जखडलेल्या असतात. थायोग्लायकोलेटासारखीं द्रव्यें हे बंध तोडूं शकतात, हें गॉडार्ड व मायकेलिस यांनीं १९३४ सालीं केराटिनावरील आपल्या अभ्यासांत दाखविलें; आणि त्यानंतरच्या दशकांत उष्णतेवांचून केस कुरळे करण्याची रीत रूढ झाली. आधीं बंध तोडावयाचे, केस कांडीच्या वळणावर बसवावयाचे, आणि मग हायड्रोजन पेरॉक्साइडानें बंध पुन्हां जोडावयाचे. परंतु तुटलेले सारेच बंध पूर्ववत् जुळत नाहींत. म्हणून वळण मिळतें, पण केसाचें बळ कांहींसें घटतें.

लांब केसांच्या बाबतींत प्रश्न अधिक बिकट होतो, आणि त्याचें उत्तर साध्या अंकगणितांत आहे. केस महिन्याला सुमारें सव्वा सेंटिमीटर, म्हणजे वर्षाला सुमारें १५ सेंटिमीटर वाढतो. तेव्हां ७५ सेंटिमीटर लांबीच्या केसाचें टोंक ५ वर्षांचें म्हातारें असतें. इतकें ऊन, इतके साबण आणि इतक्या फण्या सोसलेल्या त्या टोंकाला मुळाइतकाच कडक औषधोपचार मानवेल असें नव्हे. त्यांतून आमच्या कन्येनें दोन वर्षांपूर्वीं टोंकें रंगवून घेतलीं होतीं! शिवाय लांब केसाचा भार त्याच्याच वळणाला खालीं ओढतो, आणि माघार घेणें झाल्यास आखूड केसवाली कांहीं महिन्यांत तो भाग कापून मोकळी होते. लांब केसवालीला मात्र वर्षें मोजावीं लागतात. हा हिशेब कागदावर मांडून आम्हीं कन्येच्या हातीं दिला. तिनें तो शांतपणें वाचला आणि विचारलें, "बाबा, हें तुमचें मत झालें. पण तुम्ही करूं देणार कीं नाहीं?"

या प्रश्नानें आमचें मन फार मागें गेलें. आमच्या आजोबांची थोरली बहीण, जिला सारें घर अक्का म्हणे, ती १४ व्या वर्षीं विधवा झाली होती. १९७० नंतरच्या दशकांत आम्हीं तिला पाहिलें तें ऐंशी ओलांडलेली, लाल आलवणांतली, डोक्यावरचा पदर क्षणभरही ढळूं न देणारी अशी. आळींतल्या मुलींच्या वेण्या घालण्यांत तिचा हात धरणारें कोणी नव्हतें. एकदां आमच्या बहिणीची वेणी घालीत असतां त्या पोरीनें सहज विचारलें, "अक्का, तुझे केस कसे होते ग?" अक्काची बोटें किंचित् थांबलीं. "कुरळे होते," ती म्हणाली, आणि पुढची पेड घालूं लागली.

१८९० सालीं मुंबईंत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें नाभिकांनीं विधवांचें केशवपन न करण्याचा निर्धार केला होता. त्यानंतर कित्येक वर्षांनींही अक्काच्या दारांत वस्तरा आलाच. तो बोलावणाऱ्या वडीलधाऱ्यांना तिचें मत विचारावें असें सुचलें नाहीं. तिच्या केसांची व्यवस्था लावणें हें त्यांस घराच्या अब्रूचें काम वाटत होतें. भट्ट नारायणानें 'वेणीसंहार' नाटकाचा सारा डोलारा एका स्त्रीच्या मोकळ्या केसांवर उभारला. पण ते केस कधीं बांधावयाचे ही प्रतिज्ञा तरी द्रौपदीची स्वतःची होती. आमच्या घरांतल्या एका पोरीला तेवढाही अधिकार नव्हता.

आम्ही कन्येला म्हणालों, "मत मागितलेंस, तें दिलें. परवानगी मात्र आमच्यापाशीं नाहीं. ती तुझी तुझ्यापाशींच आहे."

तिनें आमचा कागद नीट घडी करून पार्लरांत नेला. तेथील बाईंनीं मानेजवळची एक बट आधीं करून पाहिली. रंगविलेलीं टोंकें कापून टाकलीं, आणि उरलेले केस कुरळे झाले. त्या संध्याकाळीं तिची आई कापलेल्या टोंकांबद्दल हळहळली. आजीनें मात्र नातीला जवळ बसवून बोटांनीं ते केस बराच वेळ चाळून पाहिले.

या गोष्टीस आतां १६ महिने झाले. मुळाशीं वीतभर केस सरळ उगवले आहेत, आणि पुन्हां कुरळे करावे कीं सरळच वाढूं द्यावे याचा विचार कन्येच्या मनांत चालू आहे. आमचें मत तिनें अद्याप विचारलेलें नाहीं.