गॅस संपत नसतो

उन्हाळा लागला की आमच्या नागपुरात हमखास ऐकू येणारं वाक्य: "गाडीचा एसी थंड करत नाहीये, गॅस संपला असेल." गॅरेजवालाही लगेच म्हणतो, "भरून टाकू ना भाऊ!"

पण राजेहो, हा गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे. तो जळत नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. डॅशबोर्डमागे आतली उष्णता शोषतो आणि रेडिएटरपुढच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, ती बाहेर टाकतो. वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो, तेवढंच. एका उन्हाळ्यात कमी झाला तर कुठेतरी गळतोय हे नक्की.

यंदा मी या भानगडीत एवढं लक्ष घातलं ते बाबांमुळे. आठवड्यातून 3 वेळा डायलिसिस, तेही भर दुपारी. बाहेर 44 अंश, आणि पाणी मात्र मोजून प्यायचं. घसा सुकला म्हणून बाटली तोंडाला लावता येत नाही. अशा माणसासाठी गाडीतला गारवा ही चैन नसते.

आमच्या गाडीचं लक्षण वेगळंच होतं. रस्त्यावर पळताना गार, सिग्नलला कोमट. म्हणजे गाडी उभी राहिली की कंडेन्सरला वारा मिळत नसावा. दुसऱ्या मेकॅनिकने इंजिन आणि एसी चालू ठेवून बॉनेट उघडलं, तर पुढचा पंखा ढिम्म! मोटर बदलली, काम झालं. गॅसला हातही लावला नाही.

तुमचं लक्षण वेगळं असेल. हवा गार पण झोत कमी, तर आधी केबिन फिल्टर बघा. बऱ्याच गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. गाडीखाली पाणी ठिबकतंय? घाबरू नका, ते हवेतलंच. नळीच्या जोडावर तेलकट डाग दिसला तर मात्र गळती शोधायला लावा, मगच गॅस भरा. नळ्या स्वतः उघडू नका, आत दाब असतो.

आणखी एक. अनेक गाड्यांत असतो तो आर-134ए हवेत सुटला, तर तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता अडवतो. गळकी नळी तशीच ठेवून गॅस भरत राहणं म्हणजे पुढचे उन्हाळे आपणच तापवणं.

असो. काल परतताना मागच्या सीटवरून बाबांनी शाल मागितली. फार बरं वाटलं.