उन्हाला बटण नाही

ग्वाल्हेरच्या किला गेटला जानेवारीतलं धुकं विरून ऊन पडलं की माझं लक्ष आधी गच्चीवरच्या सोलर पॅनेलकडे जातं. थंडीत पॅनेलचं व्होल्टेज वाढतं, हे अनेकांना पटतच नाही. १२ व्होल्टचं म्हणून घेतलेलं ३६ सेलचं पॅनेल मोकळं असताना मीटर २१-२२ दाखवतो. अशी दोन सिरीजमध्ये जोडली की ४४च्या आसपास, आणि इथल्या कडाक्याच्या सकाळी त्याहूनही वर. चार्ज कंट्रोलर घ्यायचा तो हा आकडा धरूनच.

मला खरी धास्ती आहे ती ढिल्या जोडाची. घरातल्या एसीचा प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझायला वाव मिळतो. डीसीत ती उसंत नाही. ठिणगी पेटतीच राहते. म्हणून एमसीबी डीसीचाच हवा, आणि फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकालगत.

शेजारच्या काकूंनी आज त्यांच्या पॅनेलबद्दल विचारलं, "बटण बंद केलं की झालं ना रे?"

नाही काकू. ऊन आहे तोवर पॅनेलच्या तारांत वीज आहेच. जाड कापडाने झाकायचं, मीटर लावून बघायचं, मगच हात. कंट्रोलरला जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल, काढताना उलट. हा क्रम मी त्यांच्या कंट्रोलरशेजारी भिंतीवर लिहून आलो.